‘झाडे हवा शुद्ध करतात’

हे वाक्य आमच्या प्राथमिक शाळांतून इतक्या वेळा घोकले गेले आहे की, त्यातील ‘शुद्ध’ या शब्दाचा अर्थ काय, असे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. त्या शब्दाचा इतिहास मात्र पाहण्याजोगा आहे.

लीड्स येथे जोसेफ प्रीस्टली याने 17 ऑगस्ट 1771 रोजी, मेणबत्ती जळून विझलेल्या कोंडलेल्या हवेत पुदिन्याची एक डहाळी ठेविली. 27 तारखेस पाहतो तो त्याच हवेत दुसरी मेणबत्ती उत्तम जळली! उपकरणे म्हणाल तर काचेचे भांडे, पाणी, मेणबत्ती आणि परसातील पुदिना. पुढे हा प्रयोग कधी साधे, कधी फसे. त्याचे कारण यान इंगेनहाउस या डच वैद्याने 1779 साली शोधून काढिले. एका उन्हाळ्यात शेकडो प्रयोग करून त्याने दाखविले की, हे कार्य वनस्पतीचे हिरवे भाग तेवढे करितात आणि तेही उजेडात. अंधारात तीच झाडे हवा बिघडवितात. सारांश, ‘शुद्ध’ याचा मूळचा अर्थ ‘पुन्हा श्वासास योग्य’ एवढाच होता. धुरातील काजळी झाड गिळून टाकते, असे या दोघांपैकी कोणीही म्हटलेले नाही.

हा भेद शब्दांनी सांगून मुलांस कळावयाचा नाही; वस्तूच त्यांच्या हाती दिली पाहिजे. ही दृष्टी महाराष्ट्रास नवी नव्हे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी येथे आरंभिलेले आणि 1957 साली कोसबाडच्या टेकडीवर नेलेले कार्य पाहावे. पाने, बिया, शंख, खडे हीच तेथील बालकांची साधने होती. आणि गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यावी, असे म्हणून त्यांनी कुरणशाळा काढिली. शिक्षणशास्त्रावरील पुष्कळशा जाड ग्रंथांहून आम्हांस ही कुरणशाळा अधिक मोलाची वाटते.

आता दौंड तालुक्यातील वरवंडाचा विचार करा. गाव पुणे-सोलापूर हमरस्त्यावर, भोवती उसाचा मुलूख. तेव्हा वाहनांचा व गुऱ्हाळाच्या चुलाणाचा धूर तेथील मुलांस पुस्तकातून शिकवावा लागत नाही. तळ्यातील पाणवनस्पती पाण्याने भरलेल्या पेल्यात बुडवून उन्हात ठेविली, म्हणजे इंगेनहाउसने पाहिलेले बुडबुडे त्यांनाही दिसतील. पेला सावलीत नेताच ते मंदावतील. मग रस्त्याकाठच्या लिंबाची पाने व आतल्या शेतातील लिंबाची पाने दोन ओल्या पांढऱ्या फडक्यांनी निरनिराळी पुसावी. काजळी पानावर नुसती बसून राहते, त्याचा उजेड अडविते आणि पाऊस पडला म्हणजे धुऊन मातीत जाते, हे सात वर्षांच्या मुलासही समजते. तोच मुलगा मग विचारील की, पानावर न बसलेली काजळी कोठे गेली? या प्रश्नाचे उत्तर देताना गुरुजींस झाडाकडे नव्हे, चुलाणाकडे बोट दाखवावे लागेल; आणि त्या चुलाणाचा धनी बहुधा वर्गातल्याच कोणाचा तरी बाप किंवा चुलता असेल.