पुढं पाणी आहे का?

हवामानाचा इशारा देण्याची पद्धत आपल्याकडे जहाजांसाठी सुरू झाली. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर भीषण चक्रीवादळ आदळलं, हजारो माणसं गेली. पुढच्याच वर्षी तिथल्या बंदरासाठी वादळाचा इशारा देण्याची व्यवस्था उभी राहिली. १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं. त्या काळी इशारा म्हणजे बंदरातल्या खांबावर चढवलेली खूण. खलाशाने ती बघायची आणि काय ते समजून घ्यायचं. खांबाला उलट प्रश्न विचारायची सोय नव्हती.

आज आपल्या मोबाइलवर यलो, ऑरेंज, रेड अलर्ट येतात. खांब बंदरातून खिशात आला, पण प्रश्न विचारायची सोय अजूनही नाही.

सुरगाण्याला हे फार जाणवतं. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सीमेवरचा हा डोंगराळ, भरपूर पावसाचा तालुका. त्याच जिल्ह्यात येवला आणि नांदगावही आहेत, जिथे लोक पावसाची वाट बघतात. त्यामुळे 'नाशिक जिल्ह्यात मुसळधार' या ओळीचा अर्थ दोन्हीकडे वेगळा होतो. आता घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा मिळतो, हे चांगलंच. पण बोरगाववरून हातगड-सापुताऱ्याकडे निघालेल्या पिकअपवाल्याला किती मिलिमीटर पाऊस पडेल हे नको असतं. घाटात धुकं किती आहे, ओढ्यावरच्या फरशीवरून, म्हणजे त्या बुटक्या पुलावरून, पाणी चाललंय का, एवढंच त्याला हवं असतं. आकाशाचं हवामान आणि रस्त्याचं हवामान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा फरक अमेरिकेत बर्फाने शिकवला. १९९६ मध्ये नॉर्थ आणि साउथ डकोटा राज्यांत ड्रायव्हरसाठी फोनसेवा सुरू झाली. मोबाइलवरून हॅश ७२३३ लावायचं आणि आपण ज्या हायवेवर आहोत, त्याच्या पुढच्या टप्प्याचं हवामान ऐकायचं. १९९७ मध्ये एमआयटीच्या व्हिक्टर झू आणि सहकाऱ्यांनी 'ज्युपिटर' लोकांसाठी खुलं केलं. फोन करा, साध्या बोलीत विचारा, संगणक उत्तर देणार. जगातल्या पाचशेहून जास्त शहरांचं हवामान ते सांगायचं. आजच्या चॅटबॉटचा हा पूर्वज. पण त्याचं ज्ञान हवामानाच्या वार्तापत्रांपुरतंच होतं. पदरचं काही रचून सांगायची ताकदच त्याच्यात नव्हती.

आपल्याकडचा धडा महाडचा आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एसटी बस आणि इतर वाहनं वाहून गेली. पाऊस पडतोय हे सगळ्यांना दिसत होतं, नदीला पूर आहे हेही माहीत होतं. पूल उरलेला नाही, हे मात्र अंधारात येणाऱ्या ड्रायव्हरला कोण सांगणार? ते सांगितलं जवळच्याच एका माणसाने, रस्त्यावर येऊन, गाड्या थांबवून. त्या रात्री सर्वात उपयोगी ठरलेली माहिती उपग्रहाकडून आली नव्हती.

आता तंत्रज्ञान बरंच पुढे गेलंय. २०२२ मध्ये केंद्र सरकारचं 'भाषिणी' आलं, भारतीय भाषांतून संगणकाशी बोलता यावं म्हणून. २०२३ मध्ये शेतकऱ्यांसाठी 'किसान ई-मित्र' चॅटबॉट आला. मे २०२५ मध्ये पुण्याच्या आयआयटीएममध्ये घडलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली. तिच्या अंदाजाची चौकट सहा किलोमीटरची, आधी ती बारा होती. मोठीच झेप आहे. तरी सहा किलोमीटरच्या चौकटीत अनेक ओढे मावतात, आणि फरशी फार तर काही मीटरची.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून मला इथे धोका दिसतो. आजचं भाषेचं मॉडेल पटेल असं वाक्य जुळवण्यात तरबेज असतं. सुरगाण्यातून कुणी विचारलं, 'फरशी चालू आहे का?', तर माहिती नसतानाही ते ठामपणे 'हो' म्हणू शकतं. रेसिपी चुकली तर भाजी बिघडते, इथे गाडी वाहून जाते. शिवाय विचारणारा कोकणा किंवा वारली बोलणारा असेल, तर पुण्या-मुंबईच्या मराठीवर तयार झालेल्या यंत्राला प्रश्नच अर्धा कळेल.

म्हणून असं काही बांधायचंच असेल तर तीन गोष्टी हव्यात. प्रत्येक उत्तरासोबत माहिती कुणाची आणि किती वाजताची, हे सांगणं. माहिती नसेल तर 'मला माहीत नाही, पाणी दिसलं तर गाडी घालू नका' हे स्पष्ट म्हणणं. आणि घाटात रेंज जाते, हे धरून निघण्याआधीच बोलणं. स्टिअरिंग हातात असताना टाइप करायला लावणं तर नकोच.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट या इतिहासातच आहे. कलकत्त्याच्या खांबापासून ज्युपिटरपर्यंत माहिती वरून खाली आली. खलाशी किंवा ड्रायव्हर फक्त ऐकणारा. आपल्या रस्त्यांवर मात्र समोरून येणारा जीपवाला काच खाली करून सांगतो, 'पाणी चढतंय, मागं फिरा.' तो अंदाज सांगत नाही, आत्ताच बघून आलेलं सांगतो. बोलणाऱ्या यंत्राने हीच पद्धत उचलावी. ड्रायव्हरला उत्तर द्यावं आणि त्यालाही विचारावं: तुम्ही आत्ता आलात ना, तिथे पाणी किती होतं? पन्नास गाड्यांच्या अशा उत्तरांतून एका फरशीची जी खबर मिळेल, ती कुठलाही उपग्रह देणार नाही. ती एक्कावन्नाव्या गाडीपर्यंत वेळेत पोचवणं, एवढंच यंत्राचं काम.