टिटवीपासून पैजेपर्यंत

नेवाशाला पैसाच्या खांबापुढे हात जोडणारे पुष्कळ. त्याच्यावर कोरलेला लेख वाचायचा प्रयत्न करणारे थोडे. लेख संस्कृतात आहे आणि मजकूर अगदी व्यवहारी आहे. करवीरेश्वराच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची ती नोंद. देऊळ गेलं, दिवा गेला, हिशेब तेवढा दगडावर उरला. या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेचं निरूपण केलं आणि सच्चिदानंदबाबांनी ते उतरवून घेतलं, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. दुर्गा भागवतांच्या ज्या पुस्तकाला १९७१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्याचं ‘पैस’ हे नावही या खांबावरूनच आलं.

खांबाची गोष्ट श्रद्धेवर सोडली, तरी बाकीचा पत्ता ज्ञानेश्वरी या ग्रंथानेच देऊन ठेवला आहे. अठराव्या अध्यायाच्या शेवटी गोदावरीचा दक्षिण तीर येतो, पंचक्रोशीचं क्षेत्र येतं, तिथलं महालया दैवत, म्हणजे नेवाशाचा मोहिनीराज, येतं, आणि यादव राजा रामचंद्राचं नावही येतं. साल शके १२१२, इसवी सन १२९०. गाव प्रवरेच्या काठचं. ही प्रवरा पुढे याच तालुक्यात टोक्याला गोदावरीला मिळते. गाव काही आडबाजूचं नव्हतं. १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलियांनी इथल्या लाडमोड टेकाडावर उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळातल्या घरांपासून सातवाहन काळापर्यंतच्या वस्तीचे थर एकाखाली एक निघाले. रोमन मद्यकुंभांचे तुकडेही सापडले. थोडक्यात, बाहेरच्या जगाची ये-जा या गावाला फार आधीपासून ठाऊक होती.

अशा गावात जो मुलगा बोलायला बसला, त्याच्याकडे न बोलण्याची कारणं भरपूर होती. रूढ जन्मसाल धरलं तर वय पंधरा. वडिलांनी संन्यास घेऊन पुन्हा संसार मांडला, म्हणून चारही भावंडं वाळीत टाकलेली. शास्त्रार्थाची भाषा संस्कृत. यादवांच्या दरबारात हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ त्याच भाषेत सिद्ध झालेला. महानुभाव पंथीयांनी मराठीत लिहायला सुरुवात केली होती हे खरं. पण त्यांच्यातल्या म्हाइंभटांनी गोळा केल्या त्या आपल्या गुरूच्या आठवणी. ज्या गीतेवर शंकराचार्यांचं भाष्य होतं, तिला मराठीत हात घालणं हे वेगळंच धाडस होतं.

या धाडसाची धास्ती ज्ञानेश्वरांनी लपवली नाही. पहिल्याच अध्यायात ते कबूल करतात की टिटवीने चोचीने समुद्र मोजायला निघावं तसं आपलं चाललं आहे. सूर्याच्या तेजापुढे काजव्याने मिरवायला जावं, आकाशाला मिठी घालायला त्याहून मोठं व्हावं लागावं, अशा दाखल्यांची रांगच लागते. याला केवळ विनयाचा शिष्टाचार म्हणून बाजूला सारणारे अभ्यासक आहेत. जुन्या ग्रंथांत असा शिष्टाचार असतोच. पण शिष्टाचार दोन ओळींत उरकता येतो. इथे तो अध्यायामागून अध्याय परत येतो आणि दर वेळी त्याचा रंग पालटलेला असतो. म्हणून तो नुसता शिष्टाचार मानायला मन धजत नाही.

आपल्या कुवतीबद्दलची ही शंका घेऊन ज्ञानेश्वरांनी केलं काय? ती फिटेपर्यंत थांबले नाहीत. समोर माणसं बसवली आणि बोलायला लागले. ज्ञानेश्वरी हे आधी बोलणं आहे, मग लिखाण. श्रोते त्यात सतत हजर असतात. त्यांच्याकडे लक्ष मागितलं जातं, त्यांची क्षमा मागितली जाते, विषय लांबला की तेच वक्त्याला वळणावर आणतात. थोरले भाऊ आणि गुरू निवृत्तिनाथ तर गुरुस्तुतीच्या भरात वाहणाऱ्या या शिष्याला थांबवतात आणि मूळ विषयाकडे वळायला सांगतात. बोलायची आज्ञाही त्यांचीच. आपण धजावलो ते गुरूच्या बळावर, असं ज्ञानेश्वर वारंवार सांगतात. पारमार्थिक अर्थ ज्याचा त्याने घ्यावा. पण कामाच्या दृष्टीनेही ही व्यवस्था चोख होती. ढकलणारा एक, लिहून घेणारा एक, आणि कंटाळा आला तर तसं तोंडावर दाखवणारी सभा. एकट्याने खोलीत बसून शब्द खोडत राहायला तिथे जागाच नव्हती.

त्याचा परिणाम ओव्यांच्या संख्येत दिसतो. गीतेच्या पहिल्या अध्यायात ४७ श्लोक आहेत, त्यांवर ज्ञानेश्वरांच्या ओव्या पावणेतीनशेच्या आसपास. अठराव्यात श्लोक ७८, ओव्या मात्र अठराशेच्या घरात. म्हणजे श्लोकामागे सहा ओव्यांवरून तेवीसवर गाडी गेली. पहिला अध्याय नुसता कथेचा आणि अठरावा सगळ्या ग्रंथाचा कळस, तेव्हा हा सगळा फरक आत्मविश्वासाच्या खाती घालता येणार नाही. तरी बोलणाऱ्याचा घसा मोकळा झाला आहे, हे वाचताना जाणवतंच.

सहाव्या अध्यायाशी येईतो तर सूर बदललेला असतो. आपली मराठी अमृताशी पैज लावून जिंकेल अशी अक्षरं जुळवीन, असं हाच टिटवीवाला मुलगा म्हणतो. नवव्याच्या सुरुवातीला तो श्रोत्यांना जाहीर शब्द देतो: फक्त लक्ष द्या, सगळं सुख तुमचं. आणि लगेच सावरतो की हे मी मोठेपणाने म्हणत नाही हं, तुम्हा जाणत्यांपुढे ही लाडाची विनंती आहे. पैज मारायची आणि वर जीभही चावायची! भीती गेलेली नाही, ती फक्त मागच्या बाकावर जाऊन बसली आहे.

सगळ्यात सरळ उत्तर अठराव्याच्या अखेरीस येतं. राजहंसाची चाल जगात नावाजली गेली, म्हणून इतरांनी चालूच नये की काय? कलशात खूप पाणी मावतं हे कबूल, पण म्हणून चूळ भरत नाही असं थोडंच आहे? मशालीचा उजेड मोठा, तरी वात आपल्यापुरता उजेड देतेच. व्यासांचा माग काढत, भाष्यकारांना वाट विचारत आपण निघालो, असं ते सांगतात. मोठ्यांशी बरोबरी सिद्ध करायचा खटाटोप इथे नाही. आपल्या मापाचं काम आपण करायचं, एवढाच दावा आहे, आणि तो नऊ हजार ओव्या सांगून झाल्यावर केला आहे. काम हातावेगळं झाल्यावर असं बोलणं सोपं जातं, हेही खरंच.

पुढे तीनशे वर्षांनी, शके १५०६ म्हणजे १५८४ साली, पैठणला एकनाथांनी या ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली. तोवर हौशी लोकांनी त्यात आपल्या ओव्या घुसडल्या होत्या. असं करणं म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी ठेवणं, असं नाथांनी बजावलं. ज्या पुस्तकाने भल्याभल्यांची भीड मोडली, त्यालाच आता कुंपण घालायची वेळ आली होती.

ज्ञानेश्वर स्वतः मात्र टीकेपाशी थांबले नाहीत. गीतेचा अर्थ सांगून झाला, आता स्वतःचं काही सांग, असं निवृत्तिनाथांनी म्हटलं आणि त्यातून ‘अमृतानुभव’ झाला, असं परंपरा सांगते; तोही नेवाशातच. आठशेच्या आसपास ओव्या, दहा प्रकरणं. आता आधाराला खाली श्लोक नाहीत. त्यात एका ठिकाणी ते म्हणतात की शिवाने सांगितलं किंवा कृष्णाने सांगितलं, म्हणून आम्ही हे मानतो असं नाही. त्यांनी सांगितलं नसतं तरीही हे असंच आहे. पारायणं होतात ती ज्ञानेश्वरीची. हे वाक्य ज्या पुस्तकात आहे ते अजूनही थोड्यांच्याच हाती पडतं.