मण्यारीच्या डीएनएची साक्ष

१९६८ साली अमेरिकेतील रॉय ब्रिटन आणि डेव्हिड कोन यांनी दाखवून दिले की, उच्च सजीवांच्या डीएनएत काही क्रम हजारो, प्रसंगी लाखो वेळा पुन्हापुन्हा येतात. चार वर्षांनी सुसुमु ओनो यांनी जनुकांबाहेरच्या अफाट पसाऱ्यासाठी ‘जंक’, म्हणजे अडगळ, हा शब्द रूढ केला. याच अडगळीतून पुढे भारतीय न्यायालयांना एक नवा साक्षीदार मिळाला. त्याची वाट मात्र सापांच्या अभ्यासातून गेली.

उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात १९४७ साली जन्मलेले लालजी सिंग बनारस हिंदू विद्यापीठात सापांच्या गुणसूत्रांचा अभ्यास करीत होते. माणसात वाय हे वेगळे गुणसूत्र नराकडे असते. सापांच्या अनेक जातींत असे वेगळे गुणसूत्र मादीकडे असते, त्याला डब्ल्यू म्हणतात. ते वेगळे कसे झाले, हा सिंग यांचा प्रश्न होता. त्याच्या शोधात ते १९७४ साली एडिंबरा विद्यापीठात गेले. तेथे केनेथ जोन्स यांच्यासह त्यांनी पट्टेरी मण्यारीच्या मादीच्या डीएनएतून पुनरावृत्त क्रमांचा एक गट वेगळा काढला. तोच ‘बीकेएम’. जी-ए-टी-ए ही चार अक्षरे एकामागून एक गिरवावीत, तसा त्याचा मुख्य भाग आहे. पुढे हे क्रम उंदरात आणि माणसातही आढळले.

१९८० साली, बीकेएमवरील काम प्रसिद्ध होत असतानाच, फ्रान्सिस क्रिक व लेस्ली ऑर्गेल यांनी ‘स्वार्थी डीएनए’ची कल्पना मांडली. जीनोममध्ये जागा बदलत स्वतःच्या प्रती वाढविणारे घटक आणि पुनरावृत्त क्रम जीवाच्या काही कामी न येताही टिकून राहू शकतात, असा त्यांचा युक्तिवाद होता.

या क्रमांचे न्यायदानातील मोल नेमके येथेच आहे. प्रथिनांची माहिती असलेल्या जनुकात बदल झाला तर जीवाला इजा होण्याचा संभव असतो. म्हणून तेथील पुष्कळ बदल गाळले जातात. पुनरावृत्त क्रमात मात्र एखादे आवर्तन दहाऐवजी बारा वेळा आले, तरी सहसा काही अडत नाही. असे फरक पिढ्यान्‌पिढ्या साचतात. त्यांतील अर्धे आईकडून आणि अर्धे वडिलांकडून मिळत असल्याने ते नातेही सांगतात.

१९८४ साली लेस्टर येथे अलेक जेफ्रीज यांनी अशाच क्रमांपासून डीएनए ठसे मिळविले. १९८७ साली सिंग भारतात परतले आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत त्यांनी बीकेएमवर आधारित स्वदेशी पद्धत उभी केली. लवकरच केरळमधील तेल्लिचेरीच्या न्यायालयात तिचा कस लागला. एका आईने मुलासाठी पोटगी मागितली होती आणि प्रतिवादी पितृत्व नाकारीत होता. रक्तगटावरून फार तर ‘हा पिता नव्हे’ इतकेच सांगता येई. डीएनए ठशांनी ‘हाच पिता’ असे सांगितले. १९९१ साली केरळ उच्च न्यायालयाने हा पुरावा ग्राह्य ठरविला.

मानवी जीनोमचा जवळजवळ निम्मा भाग पुनरावृत्त आहे. प्रथिनांची माहिती असलेला भाग दोन टक्क्यांहूनही कमी. त्या निम्म्या भागातील किती क्रम जीवाच्या कामाचे, हा वाद अजून मिटलेला नाही. न्यायालयात उपयोग झाला, म्हणून तो मिटतही नाही. उलट, शरीराने ज्या बदलांची फारशी दखल घेतली नाही, त्यांनीच एका मुलाला त्याचा पिता मिळवून दिला.