फ्लूचा ताप अंगावर काढू नका. हे पाच गैरसमज आधी सोडा

बीड : पावसाळ्यात आणि पुन्हा थंडीत घरोघरी ताप, सर्दी, खोकला सुरू होतो. 'वातावरण बदललं की होतंच' म्हणत अनेक जण तो अंगावर काढतात. बहुतेकांचा फ्लू आठवडाभरात बरा होतो, पण काहींच्या जिवावर बेततो. स्वाईन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यातच झाला होता.

गैरसमज १ : गावात डुकरं फिरतात म्हणून स्वाईन फ्लू होतो.
खरं काय : आता हा आजार माणसाकडूनच माणसाला होतो. खोकला, शिंक आणि हातावाटे विषाणू पसरतो.

गैरसमज २ : एक इंजेक्शन, एक सलाईन घेतलं की काम झालं.
खरं काय : अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, फ्लूच्या विषाणूवर नाही. ऑसेलटॅमिवीर हे फ्लूवरचं औषध ४८ तासांच्या आत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावं. लेकरांना ॲस्पिरिन देऊ नये.

गैरसमज ३ : कापराची पुडी जवळ ठेवली की फ्लू होत नाही.
खरं काय : वासाने विषाणू मरत नाही. साबणाने हात धुणे, तोंडाला रुमाल किंवा मास्क लावणे आणि गर्दी टाळणे हाच उपाय.

गैरसमज ४ : ताप उतरला, आता दुसऱ्याला लागण होत नाही.
खरं काय : लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस लागण होऊ शकते. लहान मुलांकडून त्याहून जास्त दिवस.

गैरसमज ५ : लस घेतल्यानेच फ्लू होतो.
खरं काय : इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो. दंड दुखणे, कणकण एवढाच त्रास होतो. विषाणू बदलत राहतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते.

ऊसतोडीच्या हंगामात धोका वाढतो. फडावर कोप्या जवळजवळ असतात आणि खाडा पडेल म्हणून ताप लपवला जातो. इकडे गावात म्हातारी माणसं आणि लेकरं मागे राहतात. गरोदर महिला, ६५ वर्षांवरील ज्येष्ठ, पाच वर्षांखालील मुलं, मधुमेह, दमा व हृदयविकाराचे रुग्ण यांनी ताप येताच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं. लसीची चौकशीही तिथेच करावी.

धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळे पडणे, रुग्ण गुंगीत जाणे, लेकराने दूध-पाणी सोडणे, यापैकी काहीही दिसलं तर वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा.