ताण आणि घोर

माझ्या लहानपणी आमच्या घरात ताण असे तो खाटेच्या सुतळीला. माणसाला लागे तो घोर. आजी विचारी, “कसला घोर लावून घेतलास रे?” आणि त्याला उत्तर द्यावेच लागे. मुलीच्या लग्नाचा, लांबलेल्या पावसाचा, नाहीतर वाण्याच्या बाकीचा. घोर हा शब्द एकटा उभाच राहत नाही. ताणाचे तसे नाही. वडील कचेरीतून येत, “डोक्याला ताण आहे” म्हणत आणि सिगारेट पेटवीत. वाक्य तेथेच पुरे होई. हे ‘कशाचा’ गळून कसे पडले, ह्याचा माग काढीत मी पुष्कळ वर्षांनी मॉन्ट्रियलच्या एका प्रयोगशाळेपर्यंत पोचलो, अर्थात पुस्तकांतूनच!

हान्स सेल्ये हा १९०७ साली व्हिएन्नात जन्मलेला, प्राग येथे वैद्यक शिकलेला गृहस्थ तेथील मॅकगिल विद्यापीठात एका नव्या संप्रेरकाच्या शोधात होता. गाईंच्या बीजकोशांचा अर्क तो उंदरांना टोची. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी फुगत, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसे, जठरात व्रण पडत. संप्रेरक सापडले म्हणून स्वारी हरखली. पण दुसऱ्या इंद्रियांचे अर्क टोचले तरी तेच; आणि साधे फॉर्मॅलिन टोचले तर त्याहून अधिक! सगळा डाव फसला. त्या निराशेत त्याला विद्यार्थिदशेतली एक गोष्ट आठवली. वर्गापुढे आणलेले रोगी निरनिराळ्या रोगांचे असत, पण दिसत सारे सारखेच आजारी. आणि त्या नुसत्या आजारीपणाकडे प्राध्यापक ढुंकूनही पाहत नसत. थंडी, जखम, अतिश्रम, विष, कारण कोणतेही असो, शरीराचे पहिले उत्तर एकच, असे त्याने मांडले. ४ जुलै १९३६ च्या ‘नेचर’मध्ये हे छोटेसे पत्र आले.

त्यात ‘स्ट्रेस’ हा शब्द नव्हता. तो त्याने पुढे योजला, आणि गंमत अशी की तोही चुकून. अभियंत्यांच्या भाषेत ‘स्ट्रेस’ म्हणजे भाराने तुळईच्या अंगात उपजणारे बल, आणि ‘स्ट्रेन’ म्हणजे तिला येणारा वाक. सेल्येला सांगायचे होते ते शरीराला येणाऱ्या वाकाविषयी. आपले इंग्रजी तेव्हा कच्चे होते, अशी कबुली त्याने मागाहून दिली. तोवर शब्द जगभर झाला होता.

मला बोचते ती ही चूक नव्हे. ‘कारण कोणतेही असो’ हे उंदरांच्या ग्रंथींपुरते मोठे निरीक्षण होते. पण माणसांच्या व्यवहारात आल्यावर कारण न विचारण्याची ती सोय झाली. सोय कोणाची, हे तंबाखूवाल्यांनी बरोबर ओळखले. त्यांनी सेल्येच्या संशोधनाला पैसा पुरविला. १९६९ साली कॅनडाच्या संसदेच्या आरोग्यसमितीपुढे त्याने धूम्रपानावरील निर्बंधांच्या विरोधात साक्ष दिली. माणसाला ताणावर उतारा हवा, हा युक्तिवाद कंपन्यांच्या पथ्यावरच पडला. अमेरिकेतील खटल्यांमुळे त्यांचे दप्तर उघडे झाले तेव्हा हा व्यवहार लोकांना कळला. एवढ्यावरून सेल्येला लबाड ठरविण्याची घाई मी करणार नाही. उंदरांची गोष्ट खोटी नव्हती.

हरवलेले ‘कशाचा’ परत शोधले ते दुसऱ्यांनी. लंडनमधील दहा हजारांवर सरकारी नोकरांची पाहणी १९८५ साली सुरू झाली. कामाचा बोजा किती, एवढेच न विचारता त्या कामावर तुमची स्वतःची सत्ता किती, हेही तिथे विचारले गेले. १९९७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, ज्यांच्या हाती निर्णय कमी त्यांना हृदयविकार अधिक. कारकुनाच्या मुलाला हे वाचून काय वाटले असेल, ते वेगळे सांगायला नको.

वडिलांना डॉक्टरांनी सांगितले होते, “ताण घेऊ नका.” सिगारेटविषयी ते काही बोलले नाहीत, आणि ‘कसला?’ हेही त्यांनी विचारले नाही. आजी तोवर गेली होती. एकदा धीर करून मीच विचारले. हातातली काडी विझेपर्यंत वडील गप्प राहिले. मग म्हणाले, “चार महिने झाले, रजेचा अर्ज पडून आहे. नाही म्हणत नाहीत, आणि हो म्हणत नाहीत.”