ओळखीच्या फाइलींचे दप्तर

गुन्ह्याच्या तपासात एखादा संगणक जप्त होतो, तेव्हा त्यात लक्षावधी फाइली निघतात. त्यांतील बहुतेक संशयिताच्या नसतातच. त्या विकतच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या असतात. सगळ्या उघडून वाचावयाच्या, तर तपासणाऱ्याचा जन्म त्यातच जावयाचा! नावावर विसंबावे, तर नाव कोणालाही बदलता येते.

यातून वाट काढली ती गणिताने. रोनाल्ड रिव्हेस्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९१ साली 'एमडी५' ही रीत सिद्ध केली. फाइल केवढीही असो, तिच्यातून ३२ चिन्हांची एक खूण निघते. एक स्वल्पविराम बदला, की सारी खूण पालटते. आणि खुणेवरून मूळ मजकूर काही परत मिळत नाही. १९९५ मध्ये ४० चिन्हांची 'शा-१' ही रीत आली.

पुढे अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक-संस्थेने राष्ट्रीय सॉफ्टवेअर संदर्भ ग्रंथालय उभारले. तेथे मूळ सॉफ्टवेअर जतन करतात आणि त्यातील प्रत्येक फाइलीची खूण यादीत नोंदतात. जप्त संगणकातील ज्या फाइलींच्या खुणा यादीशी जुळतात, त्या बाजूला सारावयाच्या व उरलेल्या तपासावयाच्या. मात्र यादीत नाव आहे म्हणून फाइल निरुपद्रवी, असा अर्थ कोणी काढू नये. संगणकांत घुसखोरी करण्याची काही साधनेही त्या यादीत आहेत. ती 'ओळखीची' आहेत, एवढेच.

२००४ साली वांग शियाओयुन या चिनी विदुषीने व त्यांच्या सहकाऱ्यांनी एमडी५ची एकच खूण असलेले दोन भिन्न मजकूर दाखविले. आम्हां शिक्षकांना दोन उत्तरपत्रिका तंतोतंत सारख्या दिसल्या की संशय येतो. येथे उत्तरे निराळी आणि खूण मात्र एकच! २०१२ साली उघडकीस आलेल्या 'फ्लेम' या हेरगिरीच्या प्रोग्रॅमने याच उणिवेचा फायदा घेऊन मायक्रोसॉफ्टचे बनावट प्रमाणपत्र वापरले होते. २०१७ मध्ये शा-१चीही तीच गत झाली.

तथापि एक भेद ध्यानात घ्यावा. एकच खूण असलेली जोडी स्वतः घडविणे निराळे, आणि दुसऱ्याच्या तयार फाइलीच्या खुणेशी जुळेल अशी नवी फाइल रचणे निराळे. हे दुसरे काम एमडी५च्या बाबतीतही व्यवहारात अद्याप कोणास साधलेले नाही. म्हणून ग्रंथालयाने जुन्या खुणा पुसल्या नाहीत. त्यांच्या शेजारी ६४ चिन्हांची 'शा-२५६' मांडली आहे.