कांचपेटीचा तळ

माशांच्या कांचपेटीसमोर उभा राहिलेला पाहुणा आधीं मासे पाहतो, मग हिरवीं पानें पाहतो, आणि पेटीची किंमत विचारून खुर्चीवर जाऊन बसतो. पेटीच्या तळाशीं काय पसरलें आहे याकडे त्याचें लक्ष सहसा जात नाहीं. आज त्या तळाविषयींच चार शब्द बोलावे असा माझा विचार आहे. बहुतेक घरीं तेथें बारीक खडे असतात. कोठें नदीचे करडे, कोठें बाजारांतून आणलेले निळे-तांबडे. अलीकडे बरेच हौशी लोक हे खडे काढून त्यांच्या जागीं वाळू घालूं लागले आहेत, आणि ही एक नवी टूम आहे अशी समजूत आहे. वस्तुतः वाळू हीच या पेटींतील जुनी रहिवासी असून खड्यांचा अंमल तेथें सुमारें शंभर वर्षांनीं सुरू झाला. तो कां झाला हें न कळतां खडे उपसून टाकले तर मासे मरतात. म्हणून हा इतिहास थोडा तपशिलानें सांगतों.

चीनमधून युरोपांत गेलेले सोनेरी मासे तेथील सुखवस्तु घरांत वाटोळ्या कांचपात्रांत पोहत असत. त्या पात्राला तळ असा नसेच, नुसती कांच. पाणी वारंवार बदलावें लागे, आणि न बदलल्यास मासे वर येऊन तोंडें उघडीत व दोन दिवसांत दगावत. पाण्यांत विरघळलेला प्राणवायु संपतो म्हणून असें होतें. वनस्पति हवा पुन्हां शुद्ध करते, हें इंग्लंडांत प्रीस्टलेनें १७७१ सालीं पुदिन्याची एक डहाळी मेणबत्ती विझलेल्या कोंदट हवेंत ठेवून दाखविलें होतें. आणि त्या कामीं सूर्यप्रकाश लागतो हें इंगेनहाउस या डच वैद्यानें १७७९ सालीं सिद्ध केलें. एवढें कळूनहि माशांच्या भांड्यांत झाड लावून त्याचा पद्धतशीर प्रयोग होण्यास आणखी सत्तर वर्षें जावीं लागलीं. विद्येच्या इतिहासांत अशीं रिकामीं वर्षें पुष्कळ सांपडतात.

हा प्रयोग रॉबर्ट वॉरिंग्टन यानें केला. तो लंडनच्या अपॉथिकरीज हॉल या औषधी संस्थेंत रसायनशास्त्रज्ञ होता. १८४९ सालीं त्यानें बारा गॅलन मावतील एवढें कांचेचें भांडें घेतलें, त्यांत निम्म्यापर्यंत झऱ्याचें पाणी भरलें आणि दोन लहान सोनेरी मासे सोडले. आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें पुढेंच आहे. भांड्याच्या तळाशीं त्यानें वाळू व चिखल घातला, त्यावर कांहीं सुटे दगड असे रचले कीं माशांना वाटल्यास त्यांच्याखालीं शिरतां यावें, आणि पट्टीसारख्या लांब पानांच्या व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीचीं मुळें त्या वाळूंत रोवून वर एक दगड दाबला. कांहीं दिवस सर्व ठीक चाललें. मग जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढुळलें, कांचेवर हिरवी बुळबुळी चढली. वॉरिंग्टननें निसर्गांतील तळ्याकडे पाहिलें आणि पांच-सहा पाणगोगलगायी आणून सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाऊन फस्त केलीं, पाणी निवळलें, आणि त्यांचीं अंडीं माशांना खाद्य म्हणून मिळालीं. हा वृत्तांत त्यानें १८५० सालीं लंडनच्या रसायनशास्त्रीय मंडळापुढें ठेवला. मासा, झाड आणि गोगलगाय या तिघांच्या सहकाराची ही गोष्ट पुढें पुष्कळांनीं सांगितली; पण ज्या वाळूंत झाड उभें होतें तिला कोणी चौथी भागीदार म्हटलें नाहीं. ती आपली वाफ्यांतील माती समजली गेली.

पुढच्या पांच-सात वर्षांत इंग्लंडला या पेट्यांचें वेडच लागलें. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, १८५४ सालीं फिलिप गॉसचें पुस्तक आलें आणि त्यानें 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द रूढ केला. गॉसचा जीव समुद्रांत गुंतलेला असल्यामुळें त्याच्या मागें जाण्याचें आपल्याला कारण नाहीं.

वाळूचें दुसरें काम काय, हें कळलें तें माशांच्या पेटींत नव्हे. लंडनला थेम्स नदीचें पाणी पुरविणाऱ्या एका कंपनीसाठीं जेम्स सिम्प्सन या अभियंत्यानें १८२९ सालीं चेल्सी येथें वाळूचा मोठा थर बांधून त्यांतून पाणी हळूहळू पाझरविण्याची सोय केली होती, आणि १८५२ च्या कायद्यानें असें गाळणें लंडनच्या कंपन्यांवर बंधनकारक झालें. वाळू पाणी स्वच्छ करते हें आपल्या लोकांना कांहीं विलायतेनें शिकविलेलें नाहीं. उन्हाळ्यांत नदीच्या वाळवंटांत झिरा उकरून त्यांतून वाटी-वाटीनें पाणी भरणाऱ्या बायका तें पिढ्यान्‌पिढ्या जाणत आल्या आहेत. आणि तिवईवर एकाखालीं एक मांडलेल्या मडक्यांतील वाळू व कोळशाची गाळणी माझ्या वयाच्या श्रोत्यांनीं शाळेच्या पुस्तकांत तरी पाहिलेली असेल. मात्र चाळणींत पीठ चाळावें तशी वाळू घाण अडविते, एवढीच सर्वांची समजूत होती.

ती समजूत १८७७ सालीं मोडली. श्लेसिंग व म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनीं वाळू व चुनखडीचा चुरा भरलेल्या कांचनळींतून मैलापाणी सावकाश सोडलें. पहिले कांहीं दिवस त्यांतील अमोनिया जसाच्या तसा खालीं येत राहिला. सुमारें वीस दिवसांनीं मात्र तो कमी होऊं लागला आणि त्याच्या जागीं नायट्रेट, म्हणजे सोऱ्याचा क्षार, दिसूं लागला. मग त्यांनीं नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, आणि हें रूपांतर तत्काळ थांबलें. क्लोरोफॉर्मनें गुंगी येते ती सजीवाला. वाळूच्या कणाला नव्हे. अर्थात् कणांवर कोणी तरी जिवंत राहत होतें. वीस दिवस लागले ते त्याला वस्ती करण्यास लागले. पुढें १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की या रशियन पंडितानें हे सूक्ष्म जंतु वेगळे करून दाखविले आणि त्यांत दोन जाती असल्याचें सांगितलें : एक अमोनियाचें नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचें नायट्रेट.

श्रोतेहो, माशांच्या पेटीशीं याचा संबंध असा. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया टाकीत असतो, आणि उरलेलें अन्न कुजूनहि तोच तयार होतो. पाणी आरशासारखें दिसत असतांहि तो त्यांत असूं शकतो. अमोनिया विषारी, नायट्राइटहि विषारी. नायट्रेट मात्र बेताच्या प्रमाणांत मासा सोसतो व झाडें खातात. पेटी टिकते ती या अदृश्य भाडेकरूंच्या जिवावर.

आतां खड्यांची पाळी. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिक स्वस्त झालें, विजेवर चालणारा लहानसा हवेचा पंप घरोघर परवडूं लागला, आणि १९५० नंतरच्या दशकांत तळाखालची गाळणी प्रचारांत आली. युक्ति सोपी होती. पेटीच्या बुडाशीं छिद्रांची प्लास्टिकची ताटली, तिच्यावर दोन-तीन इंच खडे, आणि कोपऱ्यांत उभी नळी. नळींत हवेचे बुडबुडे सोडले कीं पाणी वर चढतें, त्याची जागा भरण्यास पेटींतील पाणी खड्यांमधून खालीं उतरतें, आणि उतरतांना खड्यांच्या अंगावरील जंतूंना अमोनिया व प्राणवायु दोन्ही पोंचवितें. सबंध तळच गाळणी झाला. येथें वाळू निरुपयोगी ठरली, कारण तिचे कण एकमेकांना चिकटून बसतात, पाण्याला वाट देत नाहींत, आणि ताटलीचीं छिद्रेंहि बुजवितात. वाळूची हकालपट्टी झाली ती या एका यंत्रापायीं. १९५१ सालीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलें; तें पाहून घरीं आलेल्या मुलांनीं पेटीचा हट्ट धरावा हें साहजिकच होतें. माझ्या पिढीनें घराघरांत पाहिली ती खड्यांचीच पेटी. खडे म्हणजे मासे पाळण्याचा धर्म, अशी आमची पक्की समजूत झाली होती.

पुढें गाळणी तळ सोडून निघून गेली. कोणी ती पेटीच्या कडेला टांगली, कोणी पेटीबाहेर डब्यांत बसविली, कोणी स्पंजाची केली. खड्यांचें मुख्य काम संपलें, पण ते संवयीनें राहिले. त्यांचा तोटा मग दिसूं लागला. खड्यांच्या फटींत अन्न पडून कुजतें. वाळूवर तें वरच्या वर राहतें, तेथून माशाला खातां येतें किंवा आपल्याला नळीनें ओढून घेतां येतें. शिवाय कांहीं मासे तळाशींच जगणारे आहेत. दक्षिण अमेरिकेंतील कोरिडोरस मासा तोंडानें वाळू उचलतो, त्यांतील खाद्य घेतो आणि वाळू कल्ल्यांतून सोडून देतो. धारदार खड्यांवर त्याच्या मिशा झिजतात. आपल्या सह्याद्रींतून निघणाऱ्या, कृष्णेच्या खोऱ्यांतील ओढ्यानद्यांत बोटिया स्ट्रायाटा नांवाचा एक सुंदर पट्टेदार मासा आहे. तो तुंगा नदींत सांपडला आणि नारायण राव यांनीं १९२० सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. आज तो संकटग्रस्त जातींच्या यादींत आहे, आणि तरी बाजारांत विकला जातो. त्याला आपल्या घरीं रंगीत खड्यांवर ठेवणें मला तरी सभ्यपणाचें वाटत नाहीं.

तेव्हां वाळू घालावी, पण कशी? माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं एका रविवारीं सर्व खडे काढले, पेटी घासली, गाळणीचा स्पंजहि नळाखालीं स्वच्छ धुतला आणि शुभ्र वाळू पसरली. पेटी फार देखणी दिसली. चौथ्या दिवशीं मासे पृष्ठभागावर धापा टाकूं लागले, आणि आठवड्याअखेर अकरांपैकीं दोन उरले. त्यांनीं दोष वाळूला दिला. वास्तविक श्लेसिंगच्या नळींतील क्लोरोफॉर्मचें काम येथें त्यांच्या घासणीनें केलें होतें. नव्या पेटींत ही वस्ती बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. हे जंतु वागवावेत कसे हें शास्त्रज्ञहि अजून शिकत आहेत. गोड्या पाण्याच्या पेटींत नायट्राइटचा समाचार घेणारे जंतु प्रामुख्यानें नायट्रोस्पिरा वर्गाचे असतात, हें अमेरिकेंतील होव्हानेक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९८ सालीं दाखविलें.

म्हणून खडे एकदम काढूं नयेत. एक तृतीयांश काढावे, दोन आठवडे थांबावें, मग पुढचा भाग काढावा. काढलेल्यांपैकीं ओंजळभर खडे विरळ कापडाच्या पुरचुंडींत बांधून महिनाभर पेटींतच टांगावे, म्हणजे जुनी वस्ती नव्या जागेला माणसें पुरविते. त्या काळांत गाळणीला हात लावूं नये, अन्न निम्मे घालावें. समुद्राची वाळू आणूं नये. तींत मीठ व शिंपल्यांचा चुरा असतो, आणि त्यानें पाणी जड होतें. शंका असल्यास चिमूटभर वाळूवर व्हिनेगार टाकावें. फसफसली तर ती चुन्याची. वाळू पाणी निवळ येईपर्यंत धुवावी, ओतण्यापूर्वीं गाळणी बंद करावी, कारण कण यंत्रांत जातात, आणि ती वरून न टाकतां वाटींत घेऊन तळाशीं नेऊन उपडी करावी.

थर दीड-दोन इंचांहून अधिक नको. जाड थरांत प्राणवायु पोंचत नाहीं, खालीं काळे डाग पडतात, आणि ढवळल्यास सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो वायुहि माशांना घातक आहे. यावर उपाय पुन्हां गोगलगायीचाच आहे. आपल्या ओढ्यातळ्यांत निमुळत्या, पेचदार शिंपेची एक लहान जात असते; मेलॅनॉइडिस हें तिचें शास्त्रीय नांव. ती दिवसा वाळूंत पुरून राहते व आंतल्या आंत थर हलवीत असते, आणि रात्रीं वर येते. भर दिवसा या गोगलगायी थव्यानें कांचेवर चढतांना दिसल्या, तर वाळूंत किंवा पाण्यांत कांहीं बिघडलें आहे असें समजून त्याच दिवशीं पाणी तपासावें.